मेरीमातेच्या चेहऱ्यावरची बुरशी

८ नोव्हेंबर
दिवाळी झाली. मंडयाही, म्हणजे गावोगावच्या नाटकांच्या जत्राही, संपत आल्या. यंदा एकाही नाटक मंडळाने पडदा रंगवायला बोलावलं नाही. सगळ्यांनी फ्लेक्स लावले. राजवाडा, जंगल, रस्ता, झोपडी. माझ्या जंगलाच्या पडद्यावर पाखरं बसायला यायची. (एक आलं होतं.) असो. कलावंताने कडू होऊ नये.
आजपासून नवं आयुष्य. तंबाखू बंद. पहाटे उठणं सुरू. खोटं बोलणं बंद, गिऱ्हाइकाशीसुद्धा.
संध्याकाळी पलीकडच्या मिशनच्या दवाखान्यातून सिस्टर लिसी आल्या. नवीन आहेत, उन्हाळ्यात बदलून आल्या. चादरीत गुंडाळलेलं एक चित्र आणलं. प्रार्थनेच्या खोलीतलं. मेरीमाता आणि मांडीवर बाळ येशू. मागे सगळं सोनेरी. इटलीतल्या सात-आठशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रावरून हाताने केलेली नक्कल. करणाऱ्या आपल्या सिस्टर अन्नम्मा!
सिस्टर अन्नम्मा म्हणजे शहापुरातली अर्धी तरणी पिढी. सगळी बाळंतपणं त्यांच्या हातची. आमची टीना पायाळू होती, ती त्यांनीच सोडवली. आता फार म्हाताऱ्या झाल्या, नागपूरला असतात. ख्रिसमसला येणार आहेत, चित्र शेवटचं एकदा बघायला. तोवर फ्रेम बदलून काच पुसून द्या, एवढंच काम, असं लिसी म्हणाल्या.
एवढंच काम! या बोटांना फ्रेम आणि काच. तरी हो म्हटलं. नम्रता हाही एक गुण आहे.

९ नोव्हेंबर
चित्र उन्हात नीट पाहिलं. धक्का बसला. मेरीमातेचा चेहरा चक्क हिरवट. गाल हिरवे, मान हिरवी. बाळाचं कपाळसुद्धा.
पावसाळ्यात आमच्याकडे भिंती, चपला, पापड, सगळ्यांना बुरशी येते. तर देवाला का येणार नाही? सिस्टर लिसी केरळच्या, त्यांच्याकडे तर बाराही महिने ओल. त्यांच्या डोळ्याला सवय झाली असणार.
निर्णय: गिऱ्हाइकाने सांगितलं त्यापेक्षा थोडं जास्त द्यावं. प्रोफेशनल माणूस यावरूनच ओळखू येतो.

१० नोव्हेंबर, सकाळ
बायको, गोदावरी, धान मळायला गेली आहे. घर शांत. कोमट पाणी, चिमूटभर सर्फ, गोदावरीच्या जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा. दुकानांचे बोर्ड मी दर दिवाळीला असेच धुतो. नव्यासारखे होतात. सुरुवात करतो.

१० नोव्हेंबर, दुपार
बुरशी निघतेय. छान निघतेय.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ
विशेष काही नाही. हवा बरी.

११ नोव्हेंबर
काल एक किरकोळ गोष्ट घडली ती लिहायची राहिली. बुरशीबरोबर चेहरा निघाला.
दोन्ही चेहरे. आईचा आणि लेकराचा. सोनेरी मागची बाजू शाबूत, निळी ओढणी शाबूत. मधे दोन पांढरे गोळे. माझे बोर्ड ऑइल पेंटचे असतात, ते पाण्याला दाद देत नाहीत. हे चित्र साध्या पाण्याच्या रंगांतलं. हे मला कोणी सांगायला नको का? आधी सांगितलं असतं तर... पण मी विचारलं नव्हतं. पण त्यांनी सांगायला हवं होतं.
चूक पन्नास टक्के त्यांची. साठही म्हणता येईल.
चित्र कपाटामागे उभं करून ठेवलं, तोंड भिंतीकडे. तोंड नाहीच म्हणा.

१३ नोव्हेंबर
टीनाला नागपूरला फोन केला. सहज म्हणून विचारलं, एका मित्राच्या चित्राबद्दल, मेरीचा चेहरा हिरवा असतो का. तिने मोबाइलवर शोधून फोटो पाठवले. रांगेने हिरव्या मेरी. सगळ्या सातशे वर्षांच्या. त्या काळचे चित्रकार कातडीच्या रंगाखाली मुद्दाम हिरवा थर द्यायचे, वरचा गुलाबी काळाच्या ओघात उडाला की हिरवा दिसतो, असं तिने वाचून दाखवलं. सिस्टर अन्नम्मांनी तो हिरवा जसाच्या तसा उतरवला होता.
म्हणजे ती बुरशी नव्हती.
टीनाने विचारलं, कोणत्या मित्राचं चित्र, बाबा? मी म्हटलं, तू ओळखत नाहीस. पाच दिवसांत एक ठराव गेला. पण हे खोटं गिऱ्हाइकाशी नव्हतं, मुलीशी होतं, तेव्हा ठराव तसा टिकून आहे.

१५ नोव्हेंबर
आज सिस्टर लिसींना खरं सांगायचं ठरवून गेलो. वाटेत वाक्य पाठ केलं. सिस्टर, माझ्या हातून मोठी चूक झाली. साधं वाक्य. कुठेही अडायचं कारण नाही.
त्यांनी चहा दिला. केक दिला. मग म्हणाल्या की अन्नम्मा फोनवर फक्त चित्राचंच विचारतात. आपल्या आयुष्यात हाताने केलेली एवढी एकच वस्तू, असं त्या म्हणतात. मी म्हटलं, सिस्टर, लेकरं केवढी सोडवली त्यांनी! लिसी म्हणाल्या, अन्नम्मांचं म्हणणं, ती देवाची, हे चित्र तेवढं माझं.
केकचा तुकडा बशीत परत ठेवला. पाणी प्यायलो. म्हटलं, फ्रेम सागवानी करू का?
उद्या नक्की.

१६ नोव्हेंबर
रविवार. त्यांच्या प्रार्थनेचा दिवस, अडथळा नको.

२० नोव्हेंबर
नवा विचार. सांगून काय होणार? सिस्टर अन्नम्मांना दुःख होणार. मी दुःख देणारा माणूस नाही. तेव्हा चेहरे नव्याने काढायचे, असे, की त्यांनाही कळू नये. हे लपवणं नव्हे. ही सेवा.
टीनाच्या फोटोंवरून टेक्निक समजलं. त्या काळी रंग अंड्याच्या पिवळ्या बलकात कालवायचे. वाळला की पक्का बसतो. ठरलं. अस्सल पद्धतीनेच करायचं. शहापुरातच काय, अख्ख्या भंडारा जिल्ह्यात हे कोणी केलं नसेल.
अडचण एकच. मार्गशीर्षात आमच्या घरात अंडं येत नाही. म्हणून शेजारच्या बुधरामकडून घेणार. बुधराम तळ्यावर मासे धरतो, कोंबड्याही ठेवतो. विचारलं त्याने, पेंटरभाऊ, तुमाले अंडे कायले लागते जी? म्हटलं, कलेसाठी. तो इतका हसला की कोंबड्या पळाल्या.

२३ नोव्हेंबर
बलक रंगात जातो. पांढरं उरतं. अन्न फेकणं पाप आहे, म्हणून बुधरामच्या चुलीवर त्याचं आमलेट करून खाल्लं. नाइलाज.

२५ नोव्हेंबर
आज बलक कमी लागला आणि आमलेट मोठं झालं. रंगाचं प्रमाण अजून बसत नाहीये, म्हणून अंडी जास्त लागतात. प्रयोग म्हटला की हे आलंच.

२७ नोव्हेंबर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. गोदावरीने घट मांडला, दिवसभर उपाशी. मी विचारलं, यंदा कशासाठी? म्हणाली, तुमच्यासाठी जी. तुमी जेवून नाही राहिले धड, रात्रंदिवस कायच्यातरी टेन्शनमंदी हाव. देवी तुमचं मन शांत करो.
मी जेवत नाही कारण दुपारी बुधरामकडे खाऊन येतो.
तिने प्रसादाचं केळं हातात ठेवलं. ते खाताना जी अवस्था झाली ती लिहिता येत नाही. उद्यापासून आमलेट बंद.

३० नोव्हेंबर
अंड्यातला हिरवा थर वाळायला ठेवला होता. सकाळी पाहतो तर मेरीमातेच्या चेहऱ्यावर लाल मुंग्यांची रांग, कपाळापासून हनुवटीपर्यंत. बलकाचा वास लागला त्यांना. जागा काही सोडत नव्हत्या. फडक्याने झटकल्या तर थरही आला.
सातशे वर्षांपूर्वी इटलीत मुंग्या नव्हत्या का?
अस्सल पद्धत रद्द. शाळेतल्या पोरांचे पोस्टर कलर आणले. तसंही मूळ चित्र अशाच रंगांतलं होतं, तेव्हा हीच खरी अस्सल पद्धत.
राहिलेली अंडी वाया जाऊ नयेत म्हणून.

४ डिसेंबर
दुसरा गुरुवार. पकडला गेलो. अंड्याचं प्रकरण नव्हे, दुसरं मोठं.
गोदावरी झाडायला कपाटामागे गेली आणि चित्र घेऊन बाहेर आली. मग विचारलं, हे अन्नम्माबाईचं हाय ना? मी म्हटलं, दुरुस्तीला आलंय. ती म्हणाली, मले दिसून राहिलं जी काय झालं थे. माह्या लुगड्याचा तुकडा हिरवा झालेला मी तवाच पायला.
म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून संशय होता. तो तुकडा मी मोरीमागे टाकला होता. आता तिथे नाही. विचारलं, कुठे गेला? म्हणाली, देवाचं मुखडं हाय थ्यात. मोरीमांगं राह्यते का? घडी घालून ठेवला तिने देव्हाऱ्यात, घटाच्या मागे. तळ्यात विसर्जन करायचं म्हणत होती, पण ज्यायचं हाय त्यायले विचारल्याबिगर कसं करू, म्हणून ठेवला.
मग म्हणाली, सांगून टाका ना. मले नाही जमत हे पोटात ठेवणं. टीना या बाईच्या हातातून जिती निघाली.
मी म्हटलं, चेहरे पूर्ण झाले की त्याच दिवशी सांगतो. रिकामे गोळे दाखवून सांगण्यात काय अर्थ?
ती उपाशीच झोपली. गुरुवार होता म्हणून, असं मी धरून चाललोय.

८ डिसेंबर
आज एक गोष्ट लक्षात आली, जी आधी यायला हवी होती. पडद्यावर माणसं नसतात. माणसं पडद्यापुढे असतात. मी आयुष्यभर राजवाडे, झाडं, रस्ते रंगवले. चेहरे फक्त एकदा, सरकारी कुटुंब नियोजनाच्या बोर्डावर. आई, बाप, दोन मुलं.
मेरीमाता त्या बोर्डावरच्या बाईसारखी येते. दात दाखवून हसणारी, पुढल्या क्षणी दोन मुलांचे फायदे सांगेल अशी. पाचव्यांदा पुसली.
ठराव: घाबरायचं नाही.

११ डिसेंबर
तिसरा गुरुवार. गोदावरीला म्हटलं, समोर बस. माणूस समोर असलं की जमेल. तिने पुन्हा तेच विचारलं, सांगाल ना? म्हटलं, शपथ. कोणाची म्हणून तिने विचारलं. टीनाची म्हणणार होतो, ते काही तोंडातून आलं नाही. रंगांची शपथ घेतली. तिने मान हलवली, पण बसली.
मांडीवर उशी घेऊन बसली, बाळ म्हणून. डोक्यावरून पदर. उपासाने डोळे खोल गेलेले. मी सकाळभर काढत होतो आणि ती माझ्याकडे बघत होती. मला आधी वाटलं ती थकली असेल.
चेहरा आला. खराखुरा आला. हिरवा थर, वर गुलाबी पातळ, डोळ्यांखाली तपकिरी. मला स्वतःलाच विश्वास बसेना. अशी वस्तू इथे कोणी काढली नसेल. वाईट एवढंच की कोणाला सांगता येणार नाही.

१५ डिसेंबर
बाळ झालं. समोरच्या घरची गुड्डी आहे, तिच्या लेकरावरून केलं. गुटगुटीत, बघत राहावं असं. इतकं सुंदर लेकरू की मलाच भीती वाटली. काळा रंग बोटावर घेऊन गालाला तीट लावली आणि काम संपवलं. काच बसवली. सागवानी फ्रेम.

१७ डिसेंबर
चित्र पोचवलं. सिस्टर लिसी बघत राहिल्या. म्हणाल्या, पेंटरजी, आपने सिर्फ साफ किया और कितना फर्क! कितनी धूल थी! दवाखान्यात आलेल्या बायका गोळा झाल्या. बाई किती आपल्यातली वाटून राहिली, असं एक जण म्हणाली.
सगळं कौतुक काच पुसल्याचं. मी हसत उभा. आत काहीतरी टोचत होतं. ते पाप होतं की चित्रावर आपलं नाव नसल्याचं दुःख, हे नीट कळलं नाही. दोन्ही असेल.
शपथेप्रमाणे आज सांगायचं होतं. पण बायकांची गर्दी होती.

२१ डिसेंबर
गोदावरी माझ्याशी कामापुरतं बोलते. चहा झाला. मीठ संपलं. एवढंच. रात्री देव्हाऱ्यापुढे बसली होती, तो तुकडा हातात घेऊन. मला पाहून परत ठेवला.
२४ ला सांगतो. सिस्टर अन्नम्मा २४ ला येणार. त्यांनाच थेट सांगावं, लिसींना मधे कशाला?

२४ डिसेंबर
त्या प्रवासाने थकल्या असतील. उद्या.

२५ डिसेंबर
आज मी सिस्टर अन्नम्मांना सगळं स्वतःहून सांगितलं. लिहून ठेवतो, कारण असं धैर्य सगळ्यांना होत नाही.
झालं असं. प्रार्थनेची खोली भरलेली. सिस्टर अन्नम्मा काठी टेकत आल्या, वाळून गेलेल्या, पण डोळे तसेच. गोदावरीला बघताच म्हणाल्या, पायाळूची आई! मग चित्रापुढे गेल्या. काच काढायला सांगितली, नीट दिसत नाही म्हणून. लिसींनी काढली. अन्नम्मा चित्राला अगदी नाक लावून बघत होत्या. बराच वेळ. मी मागच्या भिंतीला टेकलो होतो.
मग त्यांनी बाळाच्या गालावर बोट ठेवलं. हा काळा ठिपका कसला? मी नव्हता काढला.
तेव्हा मला तीट आठवली. देवाशपथ, त्याआधी मनातही आली नव्हती. लेकरू काढलं की तीट लावायची, यात विचार करायचा काय असतो?
सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोंडातून निघून गेलं, माशी बसली असेल, सिस्टर.
त्या म्हणाल्या, असेल. मग पुसून टाका, साफ तुम्हीच केलंत ना. त्यांनी रुमाल पाण्याच्या ग्लासात बुडवला, पिळला आणि माझ्या हातात दिला.
ओला रुमाल. पोस्टर कलर. मला पक्कं माहीत, एकदा फिरवला की गाल जाणार, मग लेकरू, मग आई. पुन्हा दोन पांढरे गोळे. मी चित्रापुढे उभा राहिलो. हात वर गेला तो तिथेच थांबला. पाण्याचे थेंब माझ्या नव्या शर्टावर पडत होते.
म्हटलं, पुसता नाही येणार, सिस्टर. चेहरा निघेल.
त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं माहीत?
म्हटलं, एकदा निघालाय.
मग सगळं सांगितलं. बुरशी, सर्फ, पांढरे गोळे. मुंग्यांपर्यंत. (अंडी खाल्ल्याचं नाही. त्याचा इथे संबंध नव्हता.) अन्नम्मा खुर्चीवर बसल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.
मग त्यांनी विचारलं, मग माझं काहीच उरलं नाही?
तेव्हा गोदावरी पुढे गेली. पिशवीतून लुगड्याचा तो तुकडा काढला. म्हणाली, हे हाय बाई. मी फेकला नाही. अन्नम्मांनी तो मांडीवर पसरला. नव्या बाळाला घ्यायला कापड पसरायच्या तसाच. हिरवा डाग, त्यात थोडा तपकिरी. त्यांनी त्यावरून हात फिरवला. नाकाशी नेला आणि म्हणाल्या, सर्फचा वास येतो अजून. आणि हसल्या. हसताना डोळ्यांतून पाणी आलं. गोदावरीही रडली.
मग चित्राकडे बघून मला म्हणाल्या, हिरवा चांगला जमलाय. (हे त्यांचेच शब्द आहेत.) आणि चेहरा कोणाचा? मी रुमालाची घडी घालत राहिलो. त्यांनी गोदावरीकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे बघितलं. म्हणाल्या, माझ्या मेरीच्या चेहऱ्यावर एवढी काळजी नव्हती. हिला कसली एवढी काळजी होती?
गोदावरी खाली बघत होती. मला उत्तर येत होतं. मी दिलं नाही.

२६ डिसेंबर
सिस्टर अन्नम्मा नागपूरला गेल्या. लुगड्याचा तुकडा बरोबर नेला. चित्र इथेच राहणार. तीटही राहू दे म्हणाल्या.
मन हलकं वाटतं. आमलेटही आजपासून बंद, खरंच.

२७ डिसेंबर
सकाळी बुधराम जाळं खांद्यावर टाकून दारासमोरून चालला होता. थांबून म्हणाला, पेंटरभाऊ, गावात बोलून राहिले तुमी सिस्टरले सगळं कबूल केलं म्हणून. मी म्हटलं, हो बुधराम, स्वतःहून केलं. माणसाने स्वतःहूनच करावं. तो म्हणाला, मोठं मन पायजे जी त्याले. मी म्हटलं, ते असतं किंवा नसतं.
गोदावरी ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने वर पाहिलं फक्त. तोच चेहरा. डोळ्यांखाली तपकिरी, तसाच. मी स्वतः काढलेला, म्हणून लगेच ओळखला.
बुधराम तळ्याच्या वळणापर्यंत पोचला होता. त्याला हाक मारली. पायात चप्पलही नव्हती. त्याला म्हटलं, बुधराम, स्वतःहून नाही केलं. त्यांनी ओला रुमाल हातात दिला, मग केलं. आणि तुझ्याकडची अंडी कलेसाठी फार कमी लागली.
तो म्हणाला, थे तर मले माहीतच होतं.
घरी आलो. गोदावरीने चहा ठेवला. साखर विचारली. दिवाळीनंतर पहिल्यांदा विचारली.
मागच्या पानावर जाऊन 'स्वतःहून' हा शब्द खोडला. तंबाखू चालू.